सुरुंगांची आणेवारी

फैजपूर,
१८ नोव्हेंबर २००७

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दिवाळीआधीच येऊन पडलं होतं, मी पोचलो भाऊबीजेला. आईने ते देवघरात जपून ठेवलेलं, उदबत्तीच्या राखेसकट हातात दिलं. तू विचारलंस की सुरुंग काढतच नाही तर नुसते मोजून काय करता. आप्पांनीही परवा जेवताना तेच विचारलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी काम करत होतो त्या आफ्रिकेतल्या अंगोलात १९७५ पासून २००२ पर्यंत यादवी चालली. पूल, पाणवठे, रेल्वेचे रूळ, शहरांच्या कडा, जिथे जिथे शत्रू पाय ठेवील असं वाटलं तिथे दोन्ही बाजूंनी सुरुंग पेरले. बहुतेक ठिकाणी त्यांचा नकाशा कुणाकडेच नाही. काढणारा माणूस गुडघ्यावर बसून दिवसभर राबला तरी जेमतेम काही चौरस मीटर जमीन साफ होते. मग आधी कुठलं गाव घ्यायचं हे ठरवावंच लागतं, आणि आमची पाहणी त्यासाठीच होती. सगळे अठरा प्रांत पालथे घालून ती या मे महिन्यात संपली. १,९८८ बाधित गावं निघाली, त्यांत सुमारे २४ लाख माणसं.

पाहणी म्हणजे यंत्र घेऊन रानात शिरणं नव्हे. सुरुंगाच्या जागेत आम्ही पाऊलही टाकत नाही, सुरक्षित जागेवर उभं राहून दुरून बघतो आणि नोंद करतो. खरं काम गावात बसून बोलण्याचं. बिये प्रांतातलं एक गाव सांगतो. सोबा, म्हणजे तिथला गावचा पाटील, झाडाखाली बसला होता. बायकांनी जमिनीवर गावाचा नकाशा मांडला. घरांना खडे, नदीला राखेची रेघ, आणि जिथे कुणी जात नाही तिथे मक्याची सालं. एका म्हातारीने सालं टाकता टाकता मधून बोटाने एक बारीक रेघ ओढली. ही कसली वाट, विचारलं. पाण्याची, म्हणाली. दुसऱ्या वाटेने गेलं तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून सुना कालच्या पावलावर पाऊल ठेवून इथूनच जातात. नाना, मी ते लिहून घेतलं, पण हात थरथरत होता.

पुढे गुण द्यायचे. कुठल्या प्रकारचा स्फोटक आहे, शेत अडलं का, पाणी अडलं का, चराई अडली का, याचे थोडे थोडे. गेल्या दोन वर्षांत मेलेल्या किंवा जखमी झालेल्या प्रत्येक माणसामागे दोन. ११ किंवा जास्त झाले की गाव तीव्र बाधित. त्या म्हातारीचा मुलगा गेला त्याला चार वर्षं झाली होती. तो हिशेबात आला नाही. त्यानंतर ती एक पाण्याची वाट वगळता गावाने ती जमीन सोडलीच. आंब्याची झाडं पलीकडे लगडून उभी, फळं गळून सडतात, कुणी हात लावत नाही. सगळं मिळून गुण पाचाच्या आत. गाव सौम्य बाधित.

आपल्याकडे पिकाची आणेवारी लागते तेव्हा काय होतं ते तुला सांगायला नको. ५० पैशांच्या आत आलं तर दुष्काळ, ५१ झाली तर काही नाही, मग शेतात करपलेली कपाशी उभी का असेना. तिथे बसून मला तीच आठवत होती. नियम चुकीचा नाही. पुढचा अपघात कुठे होईल हे शोधायचं तर ताजे अपघातच बघावे लागतात. पण जे गाव भीतीने शहाणं झालं, ज्याने जमीन टाकून पोटाला चिमटा घेतला, ते यादीत खाली जातं. हे मला अजून पचत नाही.

आणखी एक, माझ्या हातून झालेलं. लोक टेकडीकडे बोट दाखवतात, ती सगळीच वाईट आहे म्हणतात. मी सगळीच टेकडी संशयित म्हणून लिहिली. एकदा नाही, बऱ्याचदा. कमी लिहून कुणाचा पाय जाण्यापेक्षा बरं, असं वाटायचं. पण कागदावर आलेली जमीन मग पडीकच राहते, सात-बाऱ्यावर चुकीची नोंद पडावी तशी. त्यातली पुष्कळ चांगली असणार, हे तेव्हाही कळत होतं.

म्हणून फेब्रुवारीत परत जायचं ठरवलंय. अशाच जमिनींच्या कडा पुन्हा नीट तपासून आत आणायच्या, जेवढी सुटेल तेवढी गावाला परत द्यायची. आप्पा काही बोलले नाहीत. आईने दोन दिवस झाले माझ्याशी बोलणं टाकलंय. तुझं ती ऐकते, लहानपणापासूनच. शनिवारी ये. बामणोदची वांगी सांगून ठेवली आहेत, मळ्यात काड्यांवर भाजू, आणि आईशी तू बोल. वहिनींनाही घेऊन ये, मुलांना सुट्टी असेल तर त्यांनाही.

तुझा,
बाळू