मुहूर्त ६.४१ चा, अक्षता सव्वाआठला

संपादक साहेब,

लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा माणूस आहे मी. सध्या नवीन फॅड आलंय, मंगल कार्यालय नको, शेतात आखाड्यावर (म्हणजे शेतातल्या वस्तीवर) गोठ्यातच लग्न लावायचं, रस्टिक म्हणतात त्याला. मला आवडतं ते, खोटं कशाला बोलू. मागच्या मे महिन्यात जिंतूरकडं असंच एक केलं, पोरगा-पोरगी दोघंबी पुण्याला कंपनीत, पोरीच्या बापाला काही पटलं नव्हतं, अन् आजी म्हणली "आमचं बी आखाड्यावरच झालतं, पैसे नव्हते म्हून."

आधी दुपारी साडेबाराचा मुहूर्त धरला होता, मीच नको म्हणलो. मेच्या मध्यात आपल्याकडं सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात ती हीच, डोळ्याच्या खोबणीत नुसतं काळं दिसतं आणि त्यात जुन्या पत्र्याला छिद्रं, नवरीच्या तोंडावर पांढरे कवडसे, ते फोटोशॉपमध्ये बी नीट निघत नाहीत. म्हून गोरज मुहूर्त काढला, ६.४१. गोठ्याचं तोंड पश्चिमेला, सूर्य मावळायच्या आधी दहा-पंधरा मिनटं तिरपं ऊन थेट गव्हाणीपर्यंत येतं, कडब्याच्या पेंढ्या सोन्यासारख्या दिसतात. मी आदल्या दिवशी जाऊन बघून आलतो.

परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, साडेपाचला मारुतीपासून निघाला. अर्धा किलोमीटर बी नसंल. आठ वाजले! डीजेपुढं पोरं नाचायलेत, नवरदेव त्यांच्या खांद्यावर, हिकडं बैल दाव्याला हिसके द्यायलेत आणि उजेड गेला. मग काय, गोठ्यात एक पिवळा बल्ब एक पांढरा एलईडी, अर्धं तोंड पिवळं अर्धं निळं, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ताणून ६४०० वर, फ्लॅश मारावा तर पत्रा चमकतो, आणि अंतरपाट सरकला की माझ्यापुढं सगळ्यांचे मोबाईल.

माझं एवढंच म्हणणं छापा, नाचायचंय तर अक्षता पडल्यावर रात्रभर नाचा, कोण अडवतंय. अशा लग्नात लायटिंगचा पैसा वाचवता ना, मग सूर्याची तरी वेळ पाळा.

अल्बममधला सगळ्यात भारी फोटो पावणेसातचा आहे. नवरी एकटीच पेंढीवर बसलेली, मुंडावळ्या बाजूला सारून रस्त्याकडं बघायलीय, गालावर ऊन. नवरदेवानं परवा विचारलं, दादा माझा असा एक बी कसा नाही?

— एक फोटोग्राफर, जि. परभणी