पॅकेज 15 दिवसांचे, गोळी वर्षभराची

संपादक महोदय,

आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर बोलताना पाच लाखांचे कवच आणि अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालये यापुढे चर्चा सरकत नाही. घरी गेलेल्या रुग्णाच्या गोळ्यांचे काय, हे कोणी विचारत नाही.

हृदयविकाराचा झटका येऊन अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची अडलेली रक्तवाहिनी उघडण्याचा उपचार, झालेला रुग्ण घ्या. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या प्रत्येकी 75 मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज लागतात. क्लोपिडोग्रेल साधारण वर्षभर, ॲस्पिरिन बहुधा कायमची. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये, म्हणजे उपचारासाठी ठरलेल्या रकमेत, मात्र घरी सोडल्यानंतरची 15 दिवसांचीच औषधे धरली आहेत. पुढची गोळी येणार की नाही, हे घरात पैसे किती यावर ठरते. पहिल्या काही महिन्यांत गोळी सुटली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते. मग पुन्हा आयसीयू आणि पुन्हा पॅकेज, तेही रुग्ण हाती लागला तर.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. म्हणजे ही गोळी ग्रामीण रुग्णालयात फुकट मिळायला हवी. अडते साठ्यावर, आणि त्याचे एक मूळ मागणीपत्रातच असते. वर्षात 24,000 गोळ्या वाटल्या की महिन्याला 2,000 धरून मागणी जाते. पण त्यातले चार महिने गोळी शिल्लकच नसेल, तर भागायचे बाराने नव्हे, आठाने. खरी गरज 3,000 ची. मागणी कमी गेली की तुटवडा वाढतो, आणि त्या तुटवड्याच्या आकड्यावरून पुढच्या वर्षी आणखी कमी मागणी जाते. माल यायला तीन महिने लागत असतील आणि दोन महिन्यांचा राखीव साठा ठेवायचा असेल, तर पाच महिन्यांच्या 15,000 गोळ्या उरल्या असतानाच मागणी जायला हवी. ती वेळ चुकली की स्थानिक खरेदी चढ्या दराने, नाहीतर रुग्णाच्या हातात बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी.

तमिळनाडूत वैद्यकीय सेवा महामंडळ प्रत्येक रुग्णालयाला पासबुक देते. जिल्हा गोदामातून उचललेल्या औषधाची किंमत त्यात वजा होते, त्यामुळे कोणाचा किती निधी उरला हे लगेच दिसते. आलेल्या औषधाच्या नमुन्यावरचे कंपनीचे नाव झाकून, सांकेतिक क्रमांक टाकून तो प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येईपर्यंत तो माल वाटला जात नाही. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये कायदा करून औषधे व वैद्यकीय वस्तूंसाठी खरेदी प्राधिकरण उभे केले आहे. ही शिस्त त्याने उचलावी, आणि पुरवठादारांची बिले वेळेवर द्यावीत. थकबाकी वाढली की निविदेला कंपन्या कमी येतात आणि भाव चढतो.

योजनेने एक काम लगेच करावे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारा योजनेचा माणूस, बसलेलाच असतो. डिस्चार्जच्या दिवशी त्याने रुग्णाचे नाव आणि औषधांची यादी, कंपनीच्या नव्हे तर जेनेरिक (मूळ औषधाच्या) नावांनी, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला कळवावी. तालुक्यात असे 100 रुग्ण असतील तर क्लोपिडोग्रेलच्या वर्षाला 36,500 गोळ्या लागतील, हा आकडा मागणी पाठवण्याआधीच औषध भांडाराच्या हाती असेल.

– एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, सातारा