वहीवर ठेवलेला चष्मा

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

फर्स्ट-ऑर्डर लॉजिकचा, म्हणजे 'प्रत्येक', 'काही' अशी विधाने चिन्हांत मांडणाऱ्या तर्कशास्त्राचा, पेपर परवा लिहून आले आणि निकालाची वाट न पाहता हे पत्र लिहीत आहे. यंत्राला जगाविषयीचे ज्ञान कसे मांडून द्यावे, हा कृत्रिम बुद्धिमत्तेतला माझा आवडता विषय. पण ज्या शिकवणीला मी वर्षभर पैसे मोजले, तेथे शंका विचारली की 'सूत्र पाठ कर' एवढेच उत्तर मिळे, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर तर 'हे तुला झेपणार नाही' असे सर्वांदेखत ऐकावे लागले. तो अपमान मनात घेऊनच मी फोंड्याला आपल्या सोप्यावर येऊन बसले होते.

'प्रत्येक घरासमोर तुळशीवृंदावन आहे' हे वाक्य आपण मांडायला सांगितलेत. मी लिहिले, 'प्रत्येक क्षसाठी, क्ष घर आहे आणि क्षसमोर वृंदावन आहे.' आपण ते खोडले नाहीत. डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्या वहीवर ठेवलात आणि हळूच विचारलेत, "मग हेसुद्धा घर का गो?"

क्षमध्ये जगातली प्रत्येक वस्तू येते, म्हणून 'आणि' लिहिताच मी साऱ्या जगाला घर ठरवले होते. तेथे 'जर क्ष घर असेल, तर' हवे, हे त्या चष्म्याकडे पाहता पाहता मला स्वतःलाच उमगले, कारण आपण पुढे एक शब्दही न बोलता थांबून राहिलात. 'काही घरांसमोर' म्हणायचे असेल तेव्हा मात्र 'आणि'च हवे, नाहीतर, 'जर' खोटे असले की 'जर-तर' आपोआप खरे ठरत असल्याने, घर नसलेला तो चष्माही विधान खरे करून टाकतो. चूक करणाऱ्याला ओशाळवाणे न करता इतका वेळ देणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत.

'प्रत्येक घरासाठी एक वृंदावन' यातल्या 'प्रत्येक' आणि 'एक' यांचा क्रम उलटा केला की वाड्यावरच्या सगळ्या घरांपुढे मिळून एकच वृंदावन उरते, हेही त्याच दुपारी कळले. हा गुंता सोडवणारी मांडणी जर्मन तर्कज्ञ फ्रेगेने १८७९ मध्ये केली, त्याआधी शतकानुशतके मोठमोठे तर्कज्ञ येथेच अडखळत होते, असे आपण सांगितलेत तेव्हा मनावरचे ओझे उतरले.

चवथीला गावी येईन तेव्हा तीच वही घेऊन येईन. यंत्राकडून सिद्धता करून घेण्याची रॉबिन्सनची १९६५ सालची 'रिझोल्यूशन' ही रीत मला आपल्याकडूनच समजून घ्यायची आहे.

आपली विद्यार्थिनी