मोदुन्यो सिसिलीचा नव्हे, आणि एका गाण्याचाही नव्हे

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इटालियन गाण्यांवर जो लेख आला, त्यात दोमेनिको मोदुन्योची ओळख ‘सिसिलीचा एका गाण्याचा गायक’ अशी करून दिली आहे. चार शब्दांत दोन चुका. मी गायनातला जाणकार नाही, जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे. पण या बाबतीत गप्प बसवत नाही.

मोदुन्योचा जन्म ९ जानेवारी १९२८ चा, पोलिन्यानो आ मारे या गावचा. हे गाव इटलीच्या टाचेकडच्या पुलिया प्रांतात, बारी शहराच्या खाली एड्रियाटिक समुद्राच्या कड्यावर वसलेलं आहे. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब ब्रिंदिसीजवळच्या सान पिएत्रो वेर्नोतिकोला गेलं. वडील तिथल्या नगरपालिकेच्या पोलिसांत होते, आणि पोराच्या हातात गिटार त्यांनीच दिली. तरुणपणी हा घर सोडून तुरीनला पळाला, तिथे टायरच्या दुकानात राबला, मग रोमला जाऊन सिनेमाच्या शाळेत अभिनय शिकू लागला.

आता सिसिली कुठून आली? सान पिएत्रोकडची बोली सिसिलीच्या बोलीला बरीच जवळची. रोमच्या रेडिओवर हा गाऊ लागला तेव्हा ऐकणाऱ्यांनी त्याला सिसिलियनच धरला. सिसिलीच्या नावाला बाजारात भाव होता, पुलियाला कोण विचारतो! त्यानेही ते तसंच चालू दिलं. म्हणजे चूक तुमच्या लेखकाची एकट्याची नाही, जवळजवळ सत्तर वर्षांची आहे. पोलिन्यानोकरांनी मात्र ती मनात धरून ठेवली होती. ऑगस्ट १९९३ मध्ये, पक्षाघाताने खचलेल्या अंगाने, तो गावात येऊन गायला आणि गावाची माफी मागितली. पुढच्याच ऑगस्टमध्ये लाम्पेदुझा बेटावरच्या घरी त्याचं निधन झालं.

ते ‘एक गाणं’ म्हणजे अर्थातच ‘नेल ब्लू दिपिन्तो दि ब्लू’, जगाच्या तोंडी ‘व्होलारे’. फ्रांको मिल्याच्चीबरोबर लिहिलेलं, १९५८ च्या सानरेमो महोत्सवात, म्हणजे इटलीतल्या गाण्यांच्या मोठ्या स्पर्धेत, जिंकलेलं. त्याच वर्षी ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पाच आठवडे पहिल्या नंबरावर होतं, आणि १९५९ मध्ये अगदी पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात त्याला दोन मोठे पुरस्कार मिळाले. युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत ते तिसरं आलं, हे तुम्ही छापलंत ते बरोबर आहे. एक गोष्ट मात्र राहिली. तोवर इटलीत गाणं लिहिणारा वेगळा आणि गाणारा वेगळा, अशीच रीत होती. सानरेमोत गायक दोन्ही हात छातीशी धरून सुबकपणे उभे राहायचे. हा आपलंच गाणं घेऊन आला आणि हात पसरून गायला. इटालियन लोक त्याला पहिल्या ‘कान्ताउतोरे’चा (आपलीच गाणी लिहून गाणाऱ्याचा) मान देतात तो यासाठी.

पण माझं म्हणणं ‘व्होलारे’बद्दल नाहीच. मोदुन्यो ऐकायचा तर त्याच्या आधीचा.

आमचं जहाज पुलियातल्याच तारांतो बंदरात दुरुस्तीसाठी लागलं होतं तेव्हा इंजिनरूममध्ये कामाला येणारा एक स्थानिक फिटर पाना फिरवता फिरवता एक गाणं ओरडायचा. ओरडायचाच, गायचा म्हणता येणार नाही. ते होतं ‘लू पिशे स्पादा’, म्हणजे तलवार मासा, १९५४ चं. सिसिली आणि इटलीच्या मुख्य भूमीमधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत उंच डोलकाठीवर माणूस बसवून, भाला फेकून या माशाची शिकार करत. नर-मादी जोडीने फिरतात, मादी सापडली की नर तिला सोडून जात नाही, असं तिथले कोळी सांगतात. गाण्यात मादीला भाला लागतो. ती नराला म्हणते, पळ. तो म्हणतो, तू मेलीस तर मीही मरणार. रेकॉर्डवर मोदुन्यो कोळ्यांचा आरडाओरडा करतो, मादीची विनवणी करतो, मग नराचं उत्तर देतो, आणि साथीला जवळजवळ नुसती गिटार. त्या फिटरचं ठाम मत होतं की ही बोली त्याच्याच मुलखाची, सिसिलीवाल्यांनी ती उगाच आपल्या नावावर घेतली. मी कोकणातला, दर्यावरच्या गाण्यांत वाढलेला. एक शब्द न कळता अंगावर काटा आला.

त्याच काळातलं, १९५५ चं ‘वेक्यो फ्राक’. मध्यरात्री जुना टेलकोट घालून एक माणूस रस्त्यावरून चालत जातो आणि सकाळी नदीतून वाहताना दिसतो. ही कल्पना पालेर्मोच्या प्रिन्स राइमोन्दो लान्त्साच्या १९५४ मधल्या मृत्यूवरून सुचली होती. गाण्यात मोदुन्यो कुठे रडत नाही, मध्येच नुसता गुणगुणतो. आमच्याकडे असा विषय आला की व्हायोलिनांचा पूर येतो.

नंतरच्या मोदुन्योतलं सगळं मला रुचत नाही. १९६६ मध्ये ‘दिओ, कोमे ती आमो’ने सानरेमो जिंकलं आणि युरोव्हिजनमध्ये त्याला शून्य गुण पडले, दोन्ही निकाल मला पटत नाहीत. उलट ‘मेराविलिओझो’ हे पुलावरून खाली पाहणाऱ्या निराश माणसाचं गाणं १९६८ मध्ये सानरेमोच्या निवड समितीने नाकारलं, आणि आज इटलीत ते घरोघरी माहीत आहे. दिग्दर्शक पाझोलिनीच्या एका छोट्या चित्रपटात मोदुन्यो कचरा गोळा करणारा झाला आणि पाझोलिनीचेच शब्द गायला. १९८४ च्या पक्षाघातानंतर गाणं थांबलं तेव्हा रॅडिकल पक्षाकडून १९८७ मध्ये खासदार झाला, आणि सिसिलीतल्या आग्रिजेन्तोच्या मनोरुग्णालयातले हाल त्याने चव्हाट्यावर आणले. एवढं सगळं असताना ‘एका गाण्याचा गायक’?

पुरवणीत पुन्हा कधी ‘ही गाणी ऐका’ अशी चौकट देणार असाल, तर ‘लू पिशे स्पादा’ आणि ‘वेक्यो फ्राक’ वर घ्या, आणि ध्वनिमुद्रण पन्नाशीच्या दशकातलंच सुचवा, नंतरचं वाद्यवृंदाचं नको. ‘व्होलारे’ लोक आपणहून शोधतील.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त जहाज अभियंता), दापोली