आखाजीला येतोय, ताट लहान मांडा

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं बोलून होत नाही. आई, तू 'जेवलास का?' विचारतेस, मी 'हो' म्हणतो, तू 'किती?' विचारतेस आणि मग आपलं बोलणं अर्ध्या पोळीच्या पुढे सरकतच नाही. मागून बाबा 'त्याला म्हणावं ताक पी' असं ओरडतात. म्हणून पत्र. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही तिघंही येतोय, ताई माहेरपणाला येणार, घागर पुजली जाणार, खापर चुलीवर चढणार. त्याआधी वजनाच्या ऑपरेशननंतरच्या माझ्या खाण्याचं एकदाचं नीट सांगून टाकतो.

आधी बाबा, तुमचं. 'पोराचं आतडं कापलं' असं तुम्ही पारावर सांगितल्याचं तात्यांकडून कळलं. माझ्या आतड्याला कुणी हात लावलेला नाही. माझं झालं ते 'स्लीव्ह'. त्यात जठराचा बाहेरचा फुगीर भाग, म्हणजे जवळपास पाऊण जठर, स्टेपलने बंद करून कापून काढतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं. तुम्हाला आकार सांगायला एवढं पुरे. त्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिली मावतं, आपली आमटीची वाटी धरा. आतड्याचा रस्ता बदलतात ते ऑपरेशन वेगळं, त्याला बायपास म्हणतात. सगळं दुर्बिणीतून झालं, पोटावर बारीक खुणा आहेत, आल्यावर दाखवीन.

कापून काढलेल्या भागाचं आणखी एक काम असतं. घ्रेलिन नावाचं भूक चाळवणारं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. ते गेल्यामुळे पहिले काही महिने मला भूकच लागत नव्हती. आई, तुला हे ऐकून रडू आलं होतं. पण मला तेव्हा काय वाटलं सांगू? ज्या माणसाच्या डोक्यात सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत खाण्याचाच विचार चालायचा, त्याचं डोकं एकदम शांत झालं. ऑफिसात कुणी वडापाव आणला तर तो नुसता वडापाव असतो, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. हे सुख कायमचं नाही, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. भूक हळूहळू परत येते, आताच थोडी यायला लागलीय. पहिलं वर्ष-दीड वर्ष वजन भराभर उतरतं, तेवढ्यात सवयी बसवायच्या. नाहीतर गेलेलं वजन परत चढतं आणि चढलेली माणसं मी त्याच दवाखान्यात पाहिली आहेत.

'चालला असतास तर ही वेळ आली नसती' हे तुमचं म्हणणं मी वर्षानुवर्षं ऐकलं, बाबा. चाललोही. दोनदा पंधरा-पंधरा किलो उतरवले आणि दोनदा व्याजासकट परत आले. वजन घटलं की शरीर खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं, ही त्याची जुनीच रीत आहे. दुष्काळात त्यानेच माणसं जगवली. 128 किलो आणि पाच फूट सात इंच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 44 च्या वर. साखर गोळ्यांना दाद देत नव्हती, रात्री झोपेत श्वास अडायचा म्हणून नाकाला यंत्र. त्या आकड्याला नुसत्या चालण्याने फरक पडत नव्हता. ऑपरेशननेही आपोआप काही होत नाही. मी आजही रोज संध्याकाळी टेकडीवर जातो, आणि आता वर पोचल्यावर बोलताही येतं.

पैशाचं तुम्ही विचारलं होतं. बीएमआय 40 च्या वर असेल, किंवा 35 च्या वर असून काबूत न येणारी साखर, झोपेत श्वास अडणं असे गंभीर आजार जोडीला असतील, आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तर आरोग्य विम्यात हे ऑपरेशन बसतं. माझं बसलं. कागद नाचवावे लागले, पण जमीन गहाण ठेवलेली नाही, निश्चिंत राहा.

आता आई, तुझं. तू इथे होतीस ते दिवस पातळ खाण्याचे होते. मुगाचं गाळलेलं कढण, नारळपाणी, पाण्यासारखं ताक, चमच्या-चमच्याने. तू मनाशी धरून गेलीस की आजारपण सरलं की पोरगा हळूहळू पूर्वीसारखा जेवायला लागेल. टाके भरतात, पातळ सुटतं, मऊ येतं, मग नेहमीचं अन्न येतं, इथपर्यंत तुझं बरोबर होतं. पण पूर्वीइतकं जेवण परत येणार नाही. यायला नको, त्यासाठीच तर सगळं केलं. वाटीभर जेवून मी उठलो की समज, माझं पोट भरलंय. तुझ्या हाताची चव गेली असा अर्थ त्यातून काढू नकोस.

वाटीभरच जागा असल्यावर तिच्यात काय भरायचं हा खरा प्रश्न असतो. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ग्लासभर दुधात सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. म्हणून जेवायला बसलो की आधी डाळ, उसळ, पनीर, दही, मग भाजी, भाकरी जागा उरली तर. भात बहुतेक वेळा राहूनच जातो. (बाबा, पुढचं वाक्य तुम्ही वाचू नका. सकाळी एक अंडं खातो, आपल्या घराबाहेर.)

आणि एवढं सगळं पुण्याच्या आहारतज्ज्ञ बाईंकडून शिकल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्या घरात माझ्यासाठी सगळ्यात चांगला पदार्थ पहिल्यापासून आहे. फुणके! तूरडाळ, मूगडाळ, हरभराडाळ भरड वाटून, लसूण-मिरची घालून वाफवलेले, तेल नावाला, आणि सोबत कढी. त्या बाईंना फुणके माहीत नव्हते. मी समजावून सांगितलं तर त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि आता म्हणे बाकीच्या रुग्णांनाही सांगतात. तेव्हा तुला माझ्यासाठी काही करावंसं वाटलंच तर फुणके कर. दोन पुरतात, कढीत कुस्करून. भरीतही कर, वांग्याचा गर मऊ असतो, छान जातो. वरून तेलाची धार तेवढी आवर. कळण्याची भाकरी कडक पापुद्र्याची दे. मऊ लुसलुशीत पोळी मला त्रास देते, ती चावली तरी गोळा होते आणि छातीपाशी येऊन बसते.

हे अडकणं काय असतं ते सांगून ठेवतो, म्हणजे पंगतीत झालं तर घाबरायला नको. घास मोठा गेला किंवा घाई झाली की छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं दुखतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, आणि मग उठून बेसिनपाशी जावं लागतं. दहा-वीस मिनिटांत मोकळं होतं. अशा वेळी पाठीत धपाटे घालू नका, पाणी पाजू नका. पाण्याने आणखी वाईट होतं. बाबा, 'घास बत्तीस वेळा चाव' असं तुम्ही लहानपणी दटावायचात आणि आम्ही हसायचो. आता बाकी सगळे हात धुऊन उठतात तेव्हा माझी वाटी अर्धी झालेली असते.

जेवताना पाणी नाही. जेवणाआधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. मधल्या वेळात घोट-घोट करून दिवसाचं दीड-दोन लिटर जमवायचं. पुण्यात हे जमतं. आपल्याकडे आखाजीच्या सुमाराला उन्हाचा पारा कुठे जातो ते तुम्हाला सांगायला नको, आणि मला घटाघटा पाणी पिता येत नाही. तांब्या तोंडाला लावून रिकामा करणं हा प्रकार संपला. ऑपरेशन झालेली माणसं परत दवाखान्यात जातात त्यात अंगातलं पाणी कमी होणं हे एक नेहमीचं कारण आहे, म्हणून याबाबत मी जरा भित्रा झालोय. दुपारी बागेत येणार नाही. सकाळी लवकर येईन. बाबा, नवी लागवड तेव्हाच दाखवा.

आता आमरस. आई, इथे तू चिडणार आहेस. जे अडकतं त्याची मला फार भीती नाही, ते स्वतःच थांबवतं. भीती आहे ती सरळ खाली उतरणाऱ्या गोडाची. आमरस, सरबत, लस्सी, खीर ही पोटात थांबतच नाहीत, भरल्याची जाणीव होत नाही, आणि वाटीवर वाटी जाऊ शकते. शिवाय इतकी साखर एकदम आतड्यात उतरली की घाम फुटतो, छाती धडधडते, हातपाय गळतात. बायपासवाल्यांना हे जास्त होतं, पण मलाही एकदा झालंय, मुलीच्या वाढदिवसाच्या श्रीखंडाने. शेवेचंही तेच. कुरकुरीत म्हणून चावली जाते, विरघळते, आणि टीव्हीसमोर डबा संपतो. तर मी काय करीन, जेवण झाल्यावर शेवटी दोन चमचे रस आणि खापरावरच्या पुरणपोळीचा चतकोर. तो चतकोर मी अगदी चवीने खाईन. पण 'सणासुदीला एवढंसंच?' हे वाक्य कुणी बोलायचं नाही. 'माझी शप्पथ' तर नाहीच नाही. आग्रह मोडताना मला जेवणाहून जास्त दम लागतो. मोठ्या ताटात चार पदार्थ मांडून ठेवलेस तर ते टाकताना माझा जीव खालीवर होतो, कारण ताटात टाकायचं नाही हे तूच शिकवलंस. म्हणून नातीची ताटली मला दे. तिला माझं मोठं ताट हवंच आहे.

लोक विचारतील. गाल बसलेत, केस गळलेत (तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गळायला लागतात, बहुतेकांचे परत येतात), गळ्याखाली कातडी लोंबते. मामी फोटो पाहून म्हणाल्याच, 'काही वाईट तर नाही ना निघालं?' आई, तू 'गॅसचा त्रास होता' असं सांगून वेळ मारून नेलीस. नको असं करू. सरळ सांग, वजनाचं ऑपरेशन केलं, साखरही आटोक्यात आली. लपवण्यासारखं यात काही नाही. गावात माझ्या मापाची आणखी दोन-चार पोरं आहेत, त्यांनाही कळू दे. 128 चे आता 97 झालेत, साखरेची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली, दुसरी अर्ध्यावर आणली. बुटाची नाडी बसल्या जागी बांधतो. मांडी घालून जेवायला बसेन, पाट काढून ठेव, खुर्ची नको. आणि थंडी वाजते! चरबी गेली तसं पांघरूणच गेलं बहुतेक. भुसावळच्या उन्हात तरी तो प्रश्न नाही.

गोळ्यांचा डबा बरोबर असेल, तो पाहून हबकू नका. मल्टीव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-12. या आता जन्मभराच्या सोबती. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नसतं, मध्ये दोन तास हवेत, म्हणून माझ्या मोबाइलवर दिवसभर गजर वाजत राहतील. बाबा, तुमच्या पेटीतली गुडघ्याची गोळी मला डोकं दुखलं तरी देऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी माझ्या उरलेल्या पोटाला जखम होऊ शकते. पॅरासिटामॉल चालते.

आणि गोळ्यांवरून एक. तुम्ही साखरेसाठी मेटफॉर्मिन घेता, किती वर्षं झाली कोण जाणे. ती दीर्घकाळ घेतली की बी-12 कमी होऊ शकतं, त्यात आपण शाकाहारी. तुमच्या पायाला मुंग्या येतात त्या तुम्ही वयावर ढकलता. मला माझ्या तपासण्यांच्या वेळी हे कळलं. आल्यावर जळगावला जाऊन तुमची आणि आईची, दोघांची बी-12 ची तपासणी करून घेऊ. कारणं देऊ नका, मी सुट्टी दोन दिवस वाढवून घेतलीय.

महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटं झालीत. भुसावळला उतरून एस.टी.ने येतो, उन्हात फाट्यावर उभे राहू नका. ताईला सांग, सांजोऱ्या नेहमीसारख्याच कर, माझ्यासाठी फक्त एक लहान वळ. आणि डाळी भरडायला आधी टाकून ठेव, मिक्सरचे फुणके नकोत.

तुमचा,
बाळू