पीएच.डी. विद्यापीठाची, मग क्लस्टर परका का?

संपादक महोदय,

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. विद्यापीठाने आमच्या विभागाला संशोधन केंद्र म्हणून मान्यता दिली आहे, मला मार्गदर्शक म्हणून मान्यतेचे पत्र दिले आहे आणि माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलांची फी दरवर्षी न चुकता घेतली जाते. उद्या पदवीवर नावही विद्यापीठाचेच असेल. पण विद्यापीठाच्या आवारात जो एचपीसी क्लस्टर, म्हणजे मोठी गणिते करायला एकत्र जोडलेल्या संगणकांचा ताफा, उभा आहे, त्यावर आम्हाला लॉगिन मिळत नाही. तिथे आम्ही ‘बाहेरचे’. विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. इतर ठिकाणी शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींचे रडगाणे ऐकले तर फार वेगळे नाही.

अर्जाचा नमुना दिसायला साधा. त्यात विद्यापीठाच्या डोमेनचा ईमेल सक्तीचा. तो मिळवायला विद्यापीठाचा कर्मचारी क्रमांक लागतो. आमची नेमणूक संस्थेची, पगार एचटीई सेवार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून निघतो, त्यामुळे असा क्रमांक आमच्याकडे असण्याचा प्रश्नच नाही. आवाराबाहेरून लॉगिन करायचे तर व्हीपीएन (बाहेरून विद्यापीठाच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) हवे आणि व्हीपीएनसाठी पुन्हा तोच ईमेल. नाहीतर महाविद्यालयाचा स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, कळवा म्हणतात. आमचे इंटरनेट गावातल्या केबलवाल्याचे. त्याला स्टॅटिक आयपी मागितला तर तो नवीन मॉडेम देतो! शेवटच्या रकान्यात विद्यापीठातल्या विभागप्रमुखांची शिफारस. त्यांनी ‘तुम्ही आमच्या विभागाचे नाही, मी सही कशी करू?’ असे विचारले. त्यांचेही चूक म्हणवत नाही.

आता याची गरज काय, ते सांगते. माझा विद्यार्थी झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर अमोनियाचा रेणू कसा आणि किती घट्ट बसतो, याचे गणित करतो. शीतगृहांत आणि बर्फाच्या कारखान्यांत अमोनियाची गळती वेळीच कळावी म्हणून जे सेन्सर करतात, त्यासाठी हे उपयोगाचे. सॉफ्टवेअर क्वांटम एस्प्रेसो, म्हणजे फुकटचे. पैशाचा प्रश्न तिथे नाही. प्रश्न आकाराचा आहे. या पद्धतीत अणूंची संख्या दुप्पट झाली की वेळ साधारण आठपट लागतो. तीस-चाळीस अणूंचा नमुना आमच्या प्रयोगशाळेतला पीसी कुरकुरत का होईना ओढतो. खरा पृष्ठभाग मांडायचा तर शंभराच्या वर अणू घ्यावे लागतात, आणि तिथे रॅम संपते. त्यात दुपारी लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली की जॉब, म्हणजे चालू असलेले गणित, मेला. गणित मध्येच थांबले तरी पुढे सुरू करण्याची सोय प्रोग्राममध्ये आहे, पण डिस्कवर लिहिली जाणारी फाइल नेमकी अर्धवट राहिली तर पहिल्यापासून श्रीगणेशा.

‘बाहेरच्यांना घेतले तर आमच्या मुलांचे जॉब अडकतील,’ हे कारण मला तोंडी देण्यात आले. क्लस्टर कसा चालतो हे ठाऊक असलेल्याने तरी असे म्हणू नये. त्यावर कोणी थेट बसून काम करत नाही. लॉगिन नोडवर (नोड म्हणजे ताफ्यातला एक संगणक) शिरायचे, इतके कोअर (प्रोसेसरचे गणित करणारे भाग) आणि इतके तास हवेत असे लिहिलेली स्क्रिप्ट रांगेत टाकायची. कोणाचा जॉब केव्हा आणि कोणत्या नोडवर लावायचा ते शेड्युलर नावाचा प्रोग्राम ठरवतो. बहुतेक ठिकाणी तो स्लर्म असतो. कोणत्या गटाला किती प्राधान्य, कोणाला जास्तीत जास्त किती तास, हे सगळे त्यात आकड्यांनी ठरवून देता येते. मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे होण्याची वाट पाहिली जात असताना, मधल्या वेळात संपतील असे छोटे जॉब तो उरकून घेतो. वऱ्हाडाच्या पंगतीला अवकाश असेल तर रिकाम्या पाटांवर दोघा-चौघांना वाढून घ्यावे, तसे. आम्हाला तेवढेच पाट पुरतील. मे महिन्यात विद्यापीठातल्या एका ओळखीच्या मुलाने त्याच्या लॉगिनवरून नोडची यादी दाखवली. एकाखाली एक ओळी, आणि अर्ध्याअधिक ओळींपुढे ‘आयडल’, म्हणजे रिकामा. एसी मात्र चोवीस तास चालू.

दुसरे कारण सुरक्षेचे. त्यात तथ्य आहे. मे 2020 मध्ये युरोपातल्या कित्येक महासंगणकांत घुसखोरी झाली. एडिनबर्गचा ‘आर्चर’ तर काही दिवस बंद ठेवावा लागला आणि सर्वांचे पासवर्ड बदलावे लागले. पण चोर शिरले ते रीतसर खाते असलेल्या संशोधकांची लॉगिन चोरून. म्हणजे ईमेलचा डोमेन पाहून राखण होत नाही. त्यासाठी डिजिटल किल्ली (एसएसएच की) आणि ओटीपी अशी दुहेरी तपासणी लागते. उलट सरळ मार्गाने खाते मिळत नाही म्हणून लोक काय करतात? विद्यापीठातल्या मित्राचा पासवर्ड घेतात. मी माझ्या विद्यार्थ्याला तसे करू देत नाही, पण सर्रास चालते आणि सर्वांना माहीत आहे. हा धोका जास्त की नोंदणीकृत विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या नावाने खाते देण्याचा?

अमेरिकेत छोट्या कॉलेजातल्या शिक्षकालाही ‘अ‍ॅक्सेस’ या सरकारी पैशावर चालणाऱ्या योजनेतून संगणकाचा वेळ मिळतो. सगळ्यात खालच्या पातळीसाठी कामाचा थोडक्यात गोषवारा पुरतो. इथे महासंगणकाच्या नावाने आपली छाती फुगते, आणि फुगावीच. 1991 मध्ये पुण्यात सी-डॅकने ‘परम 8000’ उभा केला. सप्टेंबर 2024 मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथले तीन ‘परम रुद्र’ पंतप्रधानांनी देशाला अर्पण केले, तेही दूरदृश्य प्रणालीने, कारण पुण्यातल्या पावसाने दौराच रद्द झाला होता. त्या मोठ्या यंत्रांवर अर्ज करायला आमची ना नाही. पण तिथे आधी विचारतात की छोट्या क्लस्टरवर चाचणी केली आहे का, किती कोअरवर तुमचा प्रोग्राम किती वेगाने पळतो. ती चाचणी करायची कुठे? जिथे करायची तिथेच दार बंद.

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात एकच अभियंता आहे, तोही कंत्राटी, आणि नोड बंद पडण्यापासून पासवर्ड विसरलेल्यांपर्यंत सगळे त्याच्याच गळ्यात. त्याच्यावर माझा रोख नाही. नियम करणाऱ्या समितीवर आहे. नॅक या मूल्यांकन संस्थेला दिलेल्या अहवालात हाच क्लस्टर ‘संलग्न महाविद्यालयांसाठीची सुविधा’ म्हणून दाखवला जातो, तेव्हा आम्ही आतले असतो.

मागणी लहान आहे. मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या पत्रावर आणि विद्यार्थ्याच्या पीआरएनवर (कायम नोंदणी क्रमांकावर) खाते द्यावे. पीआरएन विद्यापीठानेच दिलेला असतो, त्यामुळे ओळख पटवायला दुसरे काही लागू नये. आमच्यासाठी कमी प्राधान्याची वेगळी रांग ठेवावी, एका जॉबला चोवीस तासांची मर्यादा घालावी, विद्यापीठातल्या मुलांचा जॉब आला तर आमचा मागे सारावा. सहा महिने वापर झाला नाही तर खाते बंद करावे. आणि संलग्न महाविद्यालयांतली मुले लॉगिन नोडवरच जॉब चालवून सगळ्यांची यंत्रणा ठप्प करतील अशी भीती असेल, तर त्यांना लिनक्स आणि जॉब स्क्रिप्ट शिकवण्याचे काम मी रविवारी, विनामानधन करायला तयार आहे. जागा आणि प्रोजेक्टर विद्यापीठाने द्यावा.

– रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका
(नाव व पत्ता संपादकांकडे)