नवं पुस्तक आणि ताईची पॅलाडिन

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन ठेवताना ठरवलं होतं की तुमच्या भांडणात पडायचं नाही. पण सकाळी आपल्या शनिवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळाबद्दलचा तुझा तो मेसेज वाचला. ‘पुढच्या शनिवारपासून २०२४ चे नियम. पटत नसेल त्याने येऊ नये.’ तोही सगळ्या ग्रुपवर. ताईला वेगळा एक फोन करायला काय झालं होतं रे? तुला फोन केला तर तू ‘हो आई, हो आई’ म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहायला बसले.

आधी एक स्पष्ट सांगते. खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती मला आवडली आहे. तू दिलेलं प्लेयर्स हँडबुक मी सावकाश, पेन्सिल हातात घेऊन वाचलं. हत्यारांचा भाग तर दोनदा वाचला. आजवर फायटर, म्हणजे साधा लढवय्या, खेळणाऱ्याने काय करायचं? पाळी आली की फासा टाकायचा, वार लागला तर नुकसान मोजायचं, चुकला तर गप्प बसायचं. आता बॅटलॲक्सचा वार लागला तर समोरच्याला आडवं पाडता येईल, आणि ग्रेटसोर्डचा वार चुकला तरी थोडं लागतंच. आपला छोटू चारचौघांत तोंड उघडत नाही हे तुला माहीत आहे. त्याला दर पाळीला ठरवण्यासारखं काहीतरी मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. थकव्याचा नियमही सोपा झाला. पूर्वी सहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीची वेगळी शिक्षा, दर वेळी पान उघडायला लागायचं. आता प्रत्येक पायरीला वीस बाजूंच्या फाशातून २ वजा आणि वेग ५ फुटांनी कमी, संपलं. ज्यांनी हे लिहिलं ते टेबलावर बसून खेळलेले आहेत, हे कळतं.

म्हणजे पुस्तकाबद्दल तू बरोबर आहेस. तुझा अभिमानही वाटला, कारण नुसतं नवं आलं म्हणून तू नाचत नाहीस. कुठला नियम का बदलला, ते तू मला त्या दिवशी इतकं नीट समजावलंस की बाबासुद्धा पेपर खाली ठेवून ऐकत होते.

आता ताईच्या पॅलाडिनचं, त्या शपथ घेऊन लढणाऱ्या वीरांगनेचं. २०१४ च्या नियमांत तिचा वार लागला की स्पेल स्लॉट, म्हणजे जादूची मोजकी शिल्लक, खर्चून स्माइटचे, त्या दैवी फटक्याचे, जादा फासे टाकता यायचे, आणि पाळीत दोन वार लागले तर दोन्हींवर. आता स्माइट हा स्पेल, म्हणजे मंत्र झाला, त्याला बोनस ॲक्शन, पाळीतली एकुलती जादा कृती, लागते, म्हणजे पाळीत एकदाच. तू तिला सांगितलंस, ‘बॅलन्स झालं.’ हिशेबाने झालंही असेल. पण काकूच्या ऑपरेशनच्या रात्री आपण सगळे जागे होतो, आठवतं? वेळ जाईना म्हणून तूच म्हणालास की पुलावरची लढाई संपवून टाकू. त्या राक्षसावर तिचे दोन्ही वार लागले. दुसऱ्या पातळीचे दोन्ही स्लॉट तिने एका दमात टाकले, घरातले सगळे आठ बाजूंचे फासे गोळा केले तरी आठ भरेनात, मग काहींनी दोनदा टाकले. तू आकडे मोजत होतास आणि तुझा आवाज चढत होता. त्या वर्षात ताई त्या रात्री पहिल्यांदा मोकळी हसली. तिच्या लेखी स्माइट म्हणजे ते आहे. तू एका ओळीत ‘आता चालणार नाही’ लिहिलंस, आणि तिने ‘बरं’ एवढंच उत्तर दिलं. ताईचं ‘बरं’ तुला कळत नसेल तर कुणाला कळणार?

आणि पॅलाडिनला नव्या पुस्तकात मिळालंय काय, ते तू तिला सांगितलंस का? जखमेवर हात ठेवून बरं करायला आता पूर्ण ॲक्शन जात नाही, बोनस ॲक्शनमध्ये होतं. म्हणजे छोटूला उठवून त्याच पाळीत तिला वारही करता येईल. दिवसातून एक स्माइट स्लॉटशिवाय मिळतो. पाचव्या पातळीला तिला घोडा बोलवता येतो, स्लॉट न घालवता. ग्रुपवर तू फक्त काढलं काय ते लिहिलंस. फोनवर हे सगळं पाच मिनिटांत सांगून झालं असतं.

फोनचं पुन्हा आलंच. नव्हतं काढायचं.

सोनू, मला भीती वाटते ती आत्यामुळे. तुम्ही दोघं तिला दुरूनच ओळखता, पण एकेकाळी आपल्या टेबलावरची सगळ्यात भारी खेळाडू ती होती. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा कुणाला काही जड गेलं नाही. त्याआधी चिलखत जितकं चांगलं तितका आकडा लहान, पार शून्याच्या खाली. वार लागला की नाही हे बघायला वजाबाकी करायची. तिसरीत सगळं सरळ झालं, मोठा आकडा म्हणजे चांगला. आत्याने एका संध्याकाळी सगळ्यांच्या पात्रांच्या शीट नव्याने लिहून दिल्या. मग २००८ मध्ये चौथी आली. बाबांनी तिन्ही पुस्तकं आणली आणि जेवताना जाहीर केलं, पुढच्या शनिवारपासून नवे नियम. सकाळी तुझा मेसेज वाचताना मला अगदी तोच स्वर ऐकू आला. आत्या खेळायची तो ड्रुइड, निसर्गाची जादू करणारा, त्या पहिल्या हँडबुकात नव्हताच. बार्ड नाही, मंक नाही, ड्रुइड नाही. ड्रुइड पुढच्या वर्षी दुसऱ्या हँडबुकात आला. बाबा आत्याला म्हणाले, तोवर दुसरं काही खेळ. तिने फाइल बंद केली आणि उठली.

चौथी आवृत्ती वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. डीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, राक्षसांची पानं इतकी सुटसुटीत त्याआधी नव्हती, आणि एका फटक्यात पडणारे ते मिनियन मला फार आवडायचे. पण काका आणि आत्या जुन्या नियमांवरच राहिले. २००९ मध्ये पाथफाइंडर हा दुसरा खेळ आला, तिसऱ्या आवृत्तीच्याच नियमांवर उभा केलेला, आणि ते तिकडे वळले. शनिवारी दोन घरांत दोन खेळ. पुढे २०१४ मध्ये पाचवी आली, ती दोन्ही घरांना आवडली. एकच पुस्तक दोन्हीकडे होतं, तरी आत्या परत आली नाही. तोवर प्रश्न पुस्तकाचा राहिलाच नव्हता.

तेव्हा डीएमने आधी माणसं सांभाळावीत. नियम पाळायला सगळेच असतात, पण टेबलावर कोण गप्प झालंय हे बघायला एकच जण असतो, आणि ज्याने ती खुर्ची घेतली त्याने... बघ, लागले भाषण द्यायला. राग मानू नकोस. तू माझ्यापेक्षा चांगला डीएम आहेस. मला त्या लिचचा, त्या मेलेल्या जादूगाराचा, आवाज कधी काढता आला नसता.

मला वाटतं ते एवढंच. नव्या आवृत्तीचं स्वागत कर, पण चालू गोष्ट जुन्याच नियमांनी संपू दे. किल्ला जवळ आलाय, फार शनिवार उरले नसतील. हत्यारांचे नवे नियम आणि थकव्याचा नियम आत्ताच घे, त्यांनी कुणाचं काही जात नाही. ताईला हवं असेल तर तिची पॅलाडिन शेवटपर्यंत जुन्या पानावर राहू दे, आणि नवे फायदे तिला देऊ नकोस, म्हणजे छोटूवर अन्याय नको. जुनं पुस्तक कपाटात आहे, त्याची मुदत संपत नाही. मधे एक शनिवार नवी कॅरेक्टर घेऊन एक छोटं साहस खेळा, नुसतं चव बघायला. तिलाच तिथे नवी पॅलाडिन करायला सांग. माझा अंदाज, घोडा बघून ती पाघळेल.

एक मात्र लक्षात ठेव, तिचा राग सगळा तुझ्यावर नाही. २०२३ च्या जानेवारीत खुल्या परवान्याचं प्रकरण झालं, तेव्हापासून तिचा खेळ काढणाऱ्या कंपनीवर विश्वास नाही. २००० पासून ज्या परवान्यावर इतरांनी पुस्तकं काढली, तोच बदलायला निघाले होते. खेळाडूंनी इतका आवाज उठवला की माघार घेऊन मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कुणालाही वापरता येतील अशा परवान्यात, टाकावे लागले. २०२५ मध्ये नव्या नियमांचा गाभाही तसाच खुला केला. हे शेवटचं बहुतेक तिच्या कानावर गेलेलं नाही. तू सांगितलंस तर ऐकेल, माझ्याकडून ऐकायची नाही.

बाबांना हे पत्र दाखवलेलं नाही. चौथ्या आवृत्तीचं नाव निघालं की ते उठून जातात, तुला माहीत आहेच.

खोकला कमी आहे ना? रात्री फार जागू नकोस. शनिवारचं काय ठरलं ते कळव.

तुझी,
आई

ता. क. ताईला फोन दुपारी कर. सकाळी ती ड्युटीवर असते आणि घाईत असली की तोडून बोलते, मग तू पुन्हा रुसशील.